उतरवता येणारं ओझं

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेत दोन रात्री मुक्कामाला असते आणि मग पहाटे सासवडच्या वाटेला लागते. वारीतला हा सर्वांत लांब टप्पा. तीस किलोमीटरच्या वर चाल, आणि पाय भरून आलेले असतानाच समोर दिवेघाट. गेली पाच वर्षं मी एवढाच टप्पा चालतो. यंदा सासवडहून परतलो तो घरी न जाता बिबवेवाडीला मामांकडे गेलो, कारण त्यांचं घर वाटेत होतं आणि पुढे पाऊल टाकवत नव्हतं.

मामांनी घमेल्यात कोमट पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि माझे पाय त्यात बुडवायला लावले. डाव्या टाचेला दोन फोड, उजव्या अंगठ्याखाली एक. ते खुर्चीत बसून बराच वेळ त्या पायांकडे पाहत राहिले.

"हे तू कशासाठी करतोस?" त्यांनी विचारलं.

प्रश्नात कौतुक नव्हतं, आणि रागही नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मामांनी सदतीस वर्षं हमाली केली, आधी नाना पेठेत आणि नंतर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. मी संगणकासमोर बसून पोट भरतो. आमच्या दोघांच्या शरीरांचा इतिहास इतका वेगळा आहे की त्या प्रश्नाला नीट उत्तर देणं मला गरजेचं वाटलं.

"मामा, माझ्या अख्ख्या दिवसात अंगाला अवघड असं काही घडतच नाही. घरी लिफ्ट आहे, गाडीत एसी आहे, भाजी दारात येते. दहा तास खुर्चीत जातात. म्हणून अवघड गोष्ट मी मुद्दाम शोधतो. सकाळी गार पाण्यानं अंघोळ करतो, सहा मजले जिन्यानं चढतो, आठवड्यातून एक दिवस काही खात नाही. आणि वर्षातून एकदा हा घाट."

"आम्ही गाव सोडून इथं आलो ते यातलं काही करावं लागू नये म्हणून."

"माहीत आहे."

"नाही, तुला ऐकून माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो, तुझी आई बाराची. माण तालुक्यात विहिरींचे तळ उघडे पडले होते. पाझर तलावाच्या कामावर आम्ही दोघं खडी फोडायला जायचो. मिलोची लाल भाकरी, वर मिळाली तर सुकडी. तिच्या हाताला फोड यायचे. ते कुणी मीठपाण्यात बुडवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच हातात हातोडा असायचा. त्या फोडांनी तिचं काही भलं केलं, असं वाटतं तुला?"

"आई म्हणते, त्या दिवसांनी तिला कणखर केलं."

"ती आधीच कणखर होती, म्हणून टिकली. जे त्या वर्षात खचले, कर्जात गेले, दारूला लागले, त्यांना कुणी विचारायला जात नाही की दुष्काळानं तुम्हाला काय शिकवलं."

हे मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. संकटातून तावून सुलाखून निघालेल्या माणसांच्या गोष्टी आपण आवडीनं सांगतो, पण त्या सांगायला उरतात ते निघालेलेच. तरी माझं म्हणणं त्यामुळे संपत नव्हतं.

"बळजबरीच्या हालांबद्दल मी बोलतच नाही," मी म्हणालो. "मी उलट्या टोकाबद्दल बोलतोय. १९६६ साली अमेरिकेत डल्लासला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं. सगळे विशीतले. तीन आठवड्यांनी त्यांचा दम मोजला. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून पुन्हा मोजला. विशीत तीन आठवडे झोपून राहिल्यानं त्यांचा दम जेवढा कमी झाला होता, तेवढा तीस वर्षांनी वाढलेल्या वयानंही झाला नव्हता."

मामांनी भुवया उंचावल्या. "तीन आठवड्यांत?"

"तीन आठवड्यांत. आणि अंतराळवीरांचं तर त्याहून स्पष्ट आहे. वर त्यांच्या अंगावर वजनच पडत नाही. पाय जमिनीवर टेकवायचे नाहीत, काही उचलायचं नाही. त्यामुळे खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्का घटते. म्हणून तिथं त्यांना रोज दोनेक तास व्यायाम करावाच लागतो. हाडावर भार पडला तर हाड स्वतःला भक्कम करतं, भार काढला तर ते झिजतं. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी हे १८९२ मध्ये लिहून ठेवलंय."

"मग माझी हाडं लोखंडाची व्हायला हवी होती."

हे ते शांतपणे म्हणाले, आणि कमरेवर हात ठेवून खुर्चीत थोडे सरकले. मामांच्या कण्यातले खालचे दोन मणके दबलेले आहेत. जमिनीवर मांडी घालून बसणं त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी सोडलं. लग्नकार्यात पंगत बसली की त्यांच्यासाठी कोपऱ्यात खुर्ची मांडतात, आणि दर वेळी ते तिच्याकडे जाताना कुणाकडे बघत नाहीत. ब्राझीलमध्ये कुणी हातांचा आधार न घेता जमिनीवर बसून उठू शकतं का, याची दोन हजार माणसांवर चाचणी घेतली होती आणि ज्यांना ते जमत नव्हतं त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं होतं. हेही मी सांगणार होतो. नाही सांगितलं.

"क्विंटलचं पोतं," मामा म्हणाले. "शंभर किलो. ट्रकमधून पाठीवर घ्यायचं, गाळ्यात न्यायचं, थप्पीवर चढवायचं. थप्पी वाढत जाते तशी चढायची फळीही उभी होत जाते. माझं स्वतःचं वजन तेव्हा बावन्न किलो. म्हणजे माझ्यासारखी दोन माणसं पाठीवर घेऊन मी फळी चढायचो. दिवसाला किती खेपा, ते हंगामावर. ज्वारी आली, गूळ आला की मोजायचं नाही. ताप असला तरी जायचं, कारण टोळीत एक माणूस कमी पडला की बाकीच्यांच्या पाठीवर जास्त यायचं."

"आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्येच शिफारस केली होती, की प्रौढ पुरुषानं ५५ किलोहून जास्त वाहू नये."

"ती शिफारस आमच्या गाळ्यापर्यंत यायला फार वर्षं लागली. आम्हाला माथाडी कायदा माहीत होता, एकोणसत्तरचा, तोही बाबा आढाव आणि हमाल पंचायतीमुळे. पोतं पन्नास किलोचं करा, म्हणून आम्ही मोर्चे काढले. तेव्हा एक व्यापारी मला काय म्हणाला, सांगू? म्हणाला, अरे, कष्टानं माणूस घडतो. पोतं हलकं केलं तर तुमची पोरं आळशी होतील." मामा थांबले. "तो दुकानात गादीवर बसूनच बोलत होता. म्हणून कष्टाची थोरवी सांगणारं कुणी भेटलं की मी आधी त्याची पाठ बघतो."

या वाक्यानं मला बराच वेळ गप्प केलं. गैरसोयीची महती सांगणाऱ्या प्रत्येकानं ते ऐकावं असं मला मनापासून वाटतं. जिन्यानं चढणं मला आरोग्य देतं, पण त्यावरून सोसायटीत कामाला येणाऱ्या बाईंना लिफ्ट वापरू न देणं न्याय्य ठरत नाही. पुण्यात अशा सोसायट्या आहेत. मी स्वतः घेतलेला त्रास दुसऱ्यावर लादायचं कारण होऊ लागला, तर तो त्रास मी सोडून द्यावा, हे मला मान्य आहे.

"पण मामा, एक सांगा. शंभरच्या जागी पन्नास किलोचं पोतं असतं, दिवसाला ठरावीक खेपा, मध्ये सुट्टी आणि पोटभर जेवण, तर काय झालं असतं?"

त्यांनी खरंच विचार केला. "तर मी आज पंगतीत बसलो असतो," ते म्हणाले. "आणि बहुतेक तुझ्याहून ताठ."

"मग वाईट काय होतं? भार?"

"भार नव्हे. तो नको तेव्हा खाली ठेवता येत नव्हता, हे."

मला वाटतं, आमच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथं सापडली, आणि ती मामांना सापडली. व्यायामशाळेतला मुलगा अडीच-अडीच किलोनं वजन वाढवतो आणि ज्या स्नायूंना आज शिणवलं त्यांना पुढचे दोन दिवस सोडतो. स्नायू उचलताना वाढत नाही, उचलल्यानंतरच्या विश्रांतीत वाढतो. जिथं विश्रांती नाही तिथं तोच भार झिजवतो. औषध आणि विष यांत कित्येकदा मात्रेचाच फरक असतो, हे आपल्या आजीच्या बटव्यालाही ठाऊक होतं.

मामा एकदम म्हणाले, "वारीचं बघ ना. सासवडला पालखी किती दिवस असते?"

"दोन रात्री."

"का?"

मी हे कधी मनात आणलं नव्हतं. सर्वांत लांब टप्पा आणि घाट झाला की पुढचा पूर्ण दिवस चाल नाही. सोपानकाकांच्या समाधीच्या गावी मुक्काम. रोजच्या वाटेवरही सकाळचा विसावा, दुपारचा विसावा ठरलेला. दिंडीतल्या म्हाताऱ्या बाया वीस दिवस चालून पंढरपूरला पोचतात त्या काही त्यांच्या पायांत जादू आहे म्हणून नव्हे. ज्यांनी कुणी हे मुक्काम बसवले त्यांना माणसाचं शरीर कळलेलं होतं. मी मात्र दरवर्षी नेमका तोच अवघड दिवस चालून, विसाव्याचा दिवस टाकून घरी येतो. यंदाचे फोडही तसेच घेऊन आलो होतो.

"आणि दुसरं," मामा म्हणाले, "वारकरी त्रास शोधायला निघत नाही. तो विठोबाला भेटायला निघतो. त्रास वाटेत भेटतो. त्याला विचार, पाय दुखले का? तो म्हणेल, माउलीनं चालवलं. तू मला काय सांगितलंस? मला अवघड गोष्टींची सवय ठेवायचीय. म्हणजे तुला जायचं कुठंच नाही, नुसतं चालायचंय."

हे मला लागलं, पण मी माघार घेतली नाही.

"कारण मला तसं कारण उरलेलं नाही, मामा. तुम्हाला कष्ट करायला कारण शोधावं लागलं नाही. आजी पाण्याला दोन मैल जायची, कारण घरात पाणी नव्हतं. आमच्या नळाला पाणी आहे. चांगली गोष्ट आहे ती. पण पूर्वी माणूस उन्हात राबायचा, त्यामुळे ड जीवनसत्त्व आपोआप मिळायचं. आता दिवसभर छपराखाली असतो, म्हणून डॉक्टर गोळी लिहून देतात. गोळी घेणाऱ्याला आपण वेडा म्हणत नाही. अंगाला आणि मनाला लागणारा थोडा ताण जगण्यातून गेला, तर तो हातानं परत घालावा लागणार. नाटकी वाटलं तरी."

"मनाला ताण कमी आहे का तुम्हा लोकांना?"

"ताण आहे, पण तो टाळता येतो, हीच अडचण आहे. फोनवर बोलायचं नसलं तर मेसेज टाकता येतो. नको असलेला माणूस समोर आला तर खाली बघून मोबाइल काढता येतो. कंटाळा तर आम्ही पाच सेकंदही येऊ देत नाही. टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानंच पुढच्या वेळची भीती मोठी होते. भीतीवर उपचार करणारे लोक हेच सांगतात. ज्याला लिफ्टची भीती आहे त्याला ते आधी नुसतं लिफ्टच्या दारापाशी उभं करतात, मग आत, मग एक मजला. ढकलत नाहीत, पण टाळूही देत नाहीत."

मामा उठले, घमेल्यातलं निवलेलं पाणी ओतून दुसरं कोमट घेऊन आले. वाकताना त्यांना वेळ लागला. मी उठू लागलो तर हातानंच बस म्हणाले.

"गार पाण्याची अंघोळ कधीपासून करतोस?"

"दोन वर्षं झाली."

"तुझी मामी गेली त्याला दोन वर्षं झाली." ते माझ्या पायांकडे बघतच बोलत होते. "दहाव्याला तू ओंकारेश्वरावर आलास. तिथून परत गेलास. घरी यायला तुला तीन महिने लागले."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणजे खरं ते एकच होतं. मामीनं मला वाढवलं, आई कामाला जायची तेव्हा. तिच्याशिवायची ही खोली बघायची मला भीती वाटत होती. मामांच्या समोर बसून काय बोलायचं ते कळत नव्हतं. मी दर रविवारी ठरवायचो आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. बादलीभर गार पाणी अंगावर घ्यायला मी त्याच महिन्यांत शिकलो. तेव्हा मला वाटलं होतं, मी धीट होतोय.

"मी येऊ शकलो नाही, मामा. मला जमलं नाही."

"कळलं होतं मला. राग नाही. पण तू अवघड म्हणालास ना मघाशी, म्हणून सांगितलं. हे अवघड होतं."

कॉलेजात असताना मी एकदा मे महिन्यात सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेलो होतो. चंद्रपूरकडचं ऊन, सकाळी श्रमदान, रात्री गाणी. तिथं बाबा आमट्यांची गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर यायची, आणि मला त्यातला एकच भाग लक्षात राहिला होता: सुखवस्तू घरातला वकील वरोऱ्यात मैल्याच्या पाट्या डोक्यावरून वाहतो. केवढा हा निश्चय, असं वाटायचं. त्या संध्याकाळी मामांपुढे बसून मला गोष्टीचा दुसरा भाग आठवला. तोच माणूस पावसात रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीरामला, हातापायाची बोटं झडलेल्या महारोग्याला पाहून पळाला होता. ज्याला कशाची भीती वाटत नाही असा त्याचा स्वतःबद्दल समज होता, तो घाबरून घरी आला. मग परत गेला. तुळशीरामला आडोसा केला, खाऊ घातलं. पुढे कलकत्त्याला जाऊन या रोगाचा अभ्यास केला, आणि १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती उभी राहिली. मैला वाहणं कठीण होतंच. पण समितीचं आनंदवन त्यातून आलं नाही, जिथून पाय मागे निघाला होता तिथं परत गेल्यानं आलं.

मी हे मामांना सांगितलं. ते ऐकत होते, मध्येच मान हलवत होते.

"म्हणजे तुझं म्हणणं बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले, "अवघड गोष्टीकडे आपण होऊन जावं. फक्त तू चुकीच्या गोष्टीकडे गेलास."

"चुकीच्या नाही. अंगाला ती लागते. पण तिच्यावर थांबलो, हे खरं."

माझं मत आजही तेच आहे. जिना, घाट, उपास, गार पाणी यांना मी कमी लेखत नाही. बसून बसून झिजणाऱ्या शरीरांच्या या काळात ते करायलाच हवं, आणि विसाव्यासकट करायला हवं. पण आपण जिथं जायचं टाळतो ती दारं प्रत्येकाला माहीत असतात. आजारी मित्राचं घर असतं, अबोला धरलेल्या भावाचा फोन नंबर असतो. त्या दारापाशी उभं राहायला जे बळ लागतं ते बादलीतून येत नाही.

बोलता बोलता माझी नजर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे गेली. मामीचं कपाट. त्याच्या वरच नव्हे, दारासमोरही वर्तमानपत्रांची रद्दी रचलेली होती, गुडघ्याच्या वर. मागे एकदा मी विचारलं होतं तेव्हा मामा म्हणाले होते, किल्ली सापडत नाही.

"मामा, किल्ली सापडली का?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर अभंग चालू होता. शंभर किलोची पोती वाहिलेला माणूस त्या कपाटाकडे पाठ करून बसला होता, हे मला इतक्या वेळात पहिल्यांदा दिसलं.

"देव्हाऱ्यात आहे," ते म्हणाले. "पहिल्यापासून तिथंच आहे."

"उघडायचं का? आज नको असेल तर नको. नुसती रद्दी बाजूला करू."

मी पाय पुसले. रद्दी मी हलवली, त्यांना वाकू दिलं नाही. किल्ली त्यांनी आणली आणि कुलूपही त्यांनीच काढलं. आत बारा साड्या होत्या, दोन स्वेटर, पोस्टाचं एक पासबुक, आणि खालच्या खणात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला मामांचा पोती ओढायचा हूक. काम सुटलं त्या दिवशी त्यांनी मामीला तो टाकून द्यायला सांगितला होता.

साड्या पुढच्या आठवड्यात आई घेऊन गेली. हूक मामांनी पुन्हा त्याच खणात ठेवला. कपाटाला आता कुलूप नसतं.